दुकान हलवण्याआधीचा सेल

दुकान हलवायचे ठरले तेव्हा आम्ही सर्वांत आधी नव्या जागेतील फळ्यांची लांबी मोजली. जुन्या जागेचा भाडेकरार संपत आला होता, मालकांना इमारत पाडून नव्याने बांधायची होती, आणि आम्हाला मिळालेली दुसरी जागा दर्शनी बाजूने रुंद असली तरी आतून कमी खोल होती. जुन्या दुकानात तिन्ही भिंतींना छतापर्यंत खण होते आणि वर पोटमाळा होता. नव्या जागेत पोटमाळ्याची सोय नव्हती. हिशेब मांडून पाहिला तेव्हा असलेल्या मालापैकी जेमतेम दोन तृतीयांश माल तिथे मावेल असे दिसले. उरलेला माल जाण्याआधी विकावा लागणार होता, आणि नेमका कोणता माल 'उरलेला' समजायचा हे ठरवण्यातच पुढे आमचा बहुतेक वेळ गेला. प्रत्यक्ष विक्री त्या मानाने सोपी होती.

आमचे दुकान कापडचोपडाचे. शर्टचे आणि पँटचे कापड, अस्तर, पडद्याचे कापड, चादरी, टॉवेल, उशा, रजया, गणवेश, थोडे तयार कपडे आणि त्यांच्या जोडीला धागे, बटणे, चेन, इलॅस्टिक, लेस असा सगळा पसारा. अशा दुकानात एकाच वस्तूचे हजार नग नसतात, हजार वस्तूंचे चार-चार नग असतात. खरेदी दादा, म्हणजे माझे मोठे भाऊ, पाहतात. तयार कपड्यांचा विभाग वहिनींकडे आहे. हिशेब आणि साठा माझ्याकडे. आमच्या जन्माआधीपासून दुकानात असलेले एक ज्येष्ठ विक्रेते आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात, आणि कापडाला हात लावून ते जे सांगतात त्याला दुकानात शेवटचा शब्द मानतात.

सेलची बातमी बाहेर पडताच एक व्यावसायिक भेटायला आले. दुकाने रिकामी करून देणे हाच त्यांचा धंदा होता. विक्रीचा ठरावीक वाटा घेऊन ते स्वतःची माणसे, फलक, जाहिरात सगळे आणतात आणि ठरलेल्या तारखेला दुकान रिकामे करून देतात, असे त्यांनी सांगितले. प्रस्ताव मोहात पाडणारा होता, कारण आम्हाला एकाच वेळी दोन जागा सांभाळायच्या होत्या. मात्र करारात एक कलम होते : सेल चालू असताना त्यांच्याकडील 'पूरक माल'ही आमच्याच नावाखाली विकला जाईल. नानांनी तो पूरक माल पाहायला मागितला. दोन शर्ट हातात घेऊन, शिवण उलटवून पाहून ते म्हणाले, "दादा, हे शर्ट तीन धुण्यांत सोडून देतील, आणि चौथ्या धुण्याला गिऱ्हाईक आपल्या नव्या दुकानात येऊन उभं राहील." कायमचे बंद होणाऱ्या दुकानाने हा मार्ग धरला तर त्याचे नैतिक दायित्व काहीही असो, व्यवहारात त्याला जाब विचारायला कोणी येत नाही. आमची गोष्ट वेगळी होती. सेल संपल्यावर तेच गिऱ्हाईक, तीच पावती घेऊन, आम्हालाच भेटणार होते. त्या व्यावसायिकांना आम्ही नकार दिला, आणि पुढे सेलच्या प्रत्येक वादात हा एकच निकष कामी आला.

मग मोजदाद. वर्षअखेरीला आम्ही साठा मोजतोच, पण त्या मोजदादीत तागा खणातून बाहेर निघत नाही. चिठ्ठीवरचे आकडे पाहून बेरीज होते. या वेळी प्रत्येक तागा उलगडून मापायचा असे ठरले, कारण तागा हलवायचा की विकायचा हे त्याच्यावर खरोखर किती मीटर शिल्लक आहे यावर अवलंबून होते. चिठ्ठी आणि माप यांत फरक निघणे स्वाभाविक आहे. कापणारा माणूस गिऱ्हाइकाला चार बोटे जास्त देतो, टोकाचा डागाळलेला भाग काढून टाकतो, आणि सुती कापड हवेतल्या दमटपणाने आणि घडीच्या ताणाने थोडेफार कमी-जास्त भरते. फरक लहान असला तरी शेकडो ताग्यांवर तो डोळ्यांत भरण्याइतका होता. मोजताना प्रत्येक ताग्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदीही, नव्याने लिहून ठेवला. एका पँटला साधारण दीडशे सेंटिमीटर पन्ह्याचे सव्वा मीटर कापड पुरते, पण नव्वद सेंटिमीटर पन्ह्याचे तेवढेच कापड त्या कामाचे नसते. त्यामुळे नुसते मीटर लिहून किती शिवता येईल ते कळत नाही.

मोजदादीने आणखी एक काम केले. वर्षानुवर्षे वरच्या खणांत राहिलेला माल उजेडात आला आणि न विकलेला माल जागच्या जागी कसा बदलतो ते दिसले. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टांवर घडीच्या कडेने पिवळी झाक आली होती. हा मळ नसतो. काही प्लॅस्टिक पिशव्यांत बीएचटी नावाचे संरक्षक रसायन असते, ते कापडात उतरते आणि हवेतील नायट्रोजन ऑक्साइडशी संयोग पावून पिवळे पडते. वाहनांचा धूर येणाऱ्या रस्त्यालगतच्या दुकानात हे अधिक होते. अशी झाक पुष्कळदा धुऊन किंवा उन्हात ठेवून जाते, म्हणून ते शर्ट आम्ही बाद केले नाहीत. झाक का आली ते स्पष्ट सांगून वेगळ्या टोपलीत ठेवले. पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या रेनकोटांचे मात्र काही करता आले नाही. तो थर हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, मग चिकट होऊन सोलला जातो, आणि कोट कधी अंगात गेला नसला तरी त्याचे वय वाढतच असते. इलॅस्टिकच्या जुन्या गुंडाळ्या ताणून पाहिल्या तेव्हा त्यांतला रबर कडक होऊन तुटत होता. हा सगळा माल सवलतीतही विकायचा नाही, फेकून द्यायचा, असे वहिनींनी ठरवले आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही.

लोकरीच्या कापडाच्या दोन खणांत कसर निघाली. कपड्यांची कसर हा एक लहान पतंग असतो, आणि त्याच्या अळ्या लोकरीतील केराटिन हे प्रथिन खातात. स्वच्छ सुती कापडाकडे त्या सहसा वळत नाहीत, त्यामुळे शेजारच्या सुती ताग्यांना काही झालेले नव्हते. लागण झालेले तुकडे वेगळे करून बाकीचे लोकरी कापड उन्हात उलगडून झटकले, घडी बदलली, आणि त्यातले जे न्यायचे होते ते आठवडाभर उणे अठरा अंश तापमानात ठेवून घेतले. शीतगृहाची ओळख असल्यामुळे ते जमले. नव्या लाकडी खणांत जुनी कसर घेऊन जाण्याची आमची तयारी नव्हती.

आता वर्गवारी. माल किती जुना आहे त्यानुसार सवलत द्यावी, सर्वांत जुन्यावर सर्वांत जास्त, अशी सर्वसाधारण रीत आहे आणि दादांचा आग्रह तोच होता. माझे म्हणणे असे होते की या सेलमध्ये वयापेक्षा आकारमान महत्त्वाचे आहे. बटणे दहा वर्षांची असली तरी एका पेटीत मावतात आणि पुढची दहा वर्षे विकत राहतात. उशा आणि रजया काल आलेल्या असल्या तरी त्यांत निम्मी हवा असते. त्या टेम्पो भरून टाकतात, नव्या जागेत अख्खी भिंत अडवतात आणि त्या मानाने त्यांची किंमत कमी असते. मग प्रत्येक प्रकारच्या मालाची किंमत आणि तो व्यापत असलेली जागा यांचे प्रमाण काढले. निघालेला क्रम सगळ्यांनाच थोडा चमत्कारिक वाटला : सवलतीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उशा, मग रजया, पडद्याचे जाड कापड, टॉवेल, चादरी, तळाला धागे, बटणे, अस्तर. वजनाचाही विचार केला. दर चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाचे, दीड मीटर पन्ह्याचे कापड घेतले तर पन्नास मीटरचा तागा पंधरा किलोचा होतो, आणि तो एका माणसाला उचलता येतो. पडद्याच्या कापडाचा तसाच तागा दोघांना लागतो.

काय विकायचे यापेक्षा काय विकायचे नाही यावर अधिक वाद झाला. गणवेशाचे कापड सवलतीत काढले असते तर एका सकाळीत संपले असते. पण शाळा सुरू होताना पालक तेच मागायला येणार, आणि नव्या दुकानात पहिल्याच भेटीत "संपले" हे उत्तर ऐकून गेलेला माणूस परत वळेलच असे नाही. अस्तर, पांढरे सुती कापड, काळा-पांढरा धागा, शर्टची साधी बटणे हा नेहमी लागणारा माल आम्ही सेलमधून पूर्णपणे वगळला आणि नेहमीच्याच भावाने विकत राहिलो. सेलमध्ये आलेल्या काही लोकांना ते खटकले, "सगळ्यावर सूट आहे ना?" असे ते विचारत. फलकावर तसे कुठेही लिहिलेले नव्हते, पण सेल म्हटले की लोक तसेच वाचतात. दुसऱ्या दिवसापासून वगळलेल्या मालाच्या खणांवर वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या लावल्या.

सवलत किती द्यायची याचे गणित साधे असले तरी ते कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही. शंभरला घेतलेली वस्तू दीडशेला विकत असू आणि तीवर वीस टक्के सूट दिली तर ती एकशेवीसला जाते, म्हणजे नफा पन्नासावरून वीसवर येतो. आधीइतका नफा मिळवायला अडीचपट विक्री व्हावी लागते. एक तृतीयांश सूट दिली की खरेदी किंमत तेवढी हाती येते आणि त्यापुढे पदरमोड सुरू होते. तरीही पदरमोड करणे काही मालाच्या बाबतीत शहाणपणाचे होते, कारण तो न विकल्यास बांधणी, वाहतूक आणि नव्या जागेतील फळीचे भाडे हा खर्च त्याच्यावर चढणारच होता. उशांच्या बाबतीत आम्ही हा खर्च आधी मोजला आणि मगच खरेदी किमतीच्या खाली उतरलो. 'आधी वीस टक्के, त्यावर आणखी तीस टक्के' अशा दुहेरी सवलतीची सूचना एका पुरवठादाराने केली होती. ती ऐकायला पन्नास टक्के वाटते आणि प्रत्यक्षात चव्वेचाळीस भरते. गिऱ्हाईक घरी जाऊन हिशेब करते, म्हणून आम्ही प्रत्येक खणावर एकच आकडा लिहिला.

टप्प्याटप्प्याने सवलत वाढवण्याचा विषय निघाला तेव्हा दादांनी बॉस्टनच्या फाइलीन्स या दुकानाचा दाखला दिला. एडवर्ड फाइलीन यांनी १९०९ साली दुकानाच्या तळघरात एक योजना सुरू केली होती. मालावर तारीख टाकलेली असे; विक्रीचे बारा दिवस उलटले की किंमत आपोआप पंचवीस टक्क्यांनी उतरे, अठरा दिवसांनी पन्नास आणि चोवीस दिवसांनी पंचाहत्तर टक्क्यांनी, आणि तीस दिवसांनंतरही उरलेला माल धर्मादाय संस्थांना दिला जाई. नियम सर्वांना आधीच माहीत असल्यामुळे प्रत्येक जण स्वतःशीच पैज लावत असे, की आज घ्यावे की थांबावे. योजना सुंदर आहे, पण ती रोज नवा माल येणाऱ्या आणि कायम चालणाऱ्या दुकानासाठी होती. आमच्याकडे माल मर्यादित, जागा सोडण्याची तारीख ठरलेली आणि गिऱ्हाईक बहुतांशी ओळखीचे. सगळे जण शेवटच्या पायरीची वाट पाहत बसले असते तर पहिले दिवस कोरडे गेले असते. आम्ही दोनच टप्पे ठेवले, दोन्हींच्या तारखा आणि टक्केवारी पहिल्या दिवशीच फलकावर लिहिल्या, आणि दुसऱ्या टप्प्यात फक्त जास्त जागा खाणारा माल आणखी उतरेल, तयार कपडे उतरणार नाहीत, हेही लिहिले. पहिल्या टप्प्यात घेणाऱ्याला नंतर फसल्यासारखे वाटू नये एवढाच त्यामागे हेतू होता.

मूळ किमतीचा प्रश्न त्याहून नाजूक होता. सेलच्या आधी किंमत वाढवून मग ती 'उतरवणे' ही युक्ती इतकी जुनी आहे की अनेक देशांनी तिच्यावर नियम केले आहेत. युरोपीय संघात मे २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार सवलत जाहीर करताना त्याआधीच्या किमान तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत 'आधीची किंमत' म्हणून दाखवावी लागते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या १९६४ सालच्या मार्गदर्शिकेतही आधीची किंमत ही खरोखर, पुरेसा काळ आणि प्रामाणिकपणे मागितलेली असावी असेच म्हटले आहे. आम्हाला हे नियम लागू नव्हते, पण तीस दिवसांची कसोटी आम्हाला वापरायला सोयीची वाटली. प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलेली मूळ किंमत मागच्या महिन्याच्या बिलांशी ताडून पाहिली. काही चादरींवर मागच्याच महिन्यात आधीची एक सवलत चालू होती. त्यांची मूळ किंमत म्हणून ती उतरलेली किंमतच लिहिली. चिठ्ठीवर सूट लहान दिसू लागली, म्हणून दादा थोडे नाराज झाले.

फलकावर नव्या जागेचा पत्ता 'सेल' या शब्दाइतक्याच मोठ्या अक्षरांत असावा, ही वहिनींची सूचना. रंगाऱ्याला ती पटली नाही, पण उपयोग दिसला. सेलच्या काळात सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न "दुकान बंद होतंय का?" हाच होता, आणि उत्तर देताना विक्रेत्याला नुसते बोट दाखवावे लागे. बंद होणाऱ्या दुकानाची उधारी लोक निवांतपणे फेडतात, हेही नानांना अनुभवाने ठाऊक होते. नवा पत्ता ठळक असल्यामुळे काही जुनी येणी सेलच्या गर्दीतच जमा झाली, त्याचा आम्ही आधी विचारही केला नव्हता.

पहिल्या दिवशी दार उघडण्याआधी एक किरकोळ विक्रेता येऊन थांबला होता. त्याला शर्टांचा अख्खा साठा एकरकमी हवा होता. पैसे रोख, कटकट नाही, आणि आमची दोन भिंतींची सुटका. आम्ही त्याला दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस येण्याची विनंती केली. फलक वाचून आलेल्या माणसाला सकाळी साडेदहा वाजता रिकामा खण दाखवणे म्हणजे ज्याच्यासाठी सेल जाहीर केला त्यालाच टाळणे झाले असते. तो गृहस्थ रागावला, पण ठरलेल्या वेळी आला आणि उरलेला माल घेऊन गेला.

गर्दीच्या दिवसांत विक्री कुठे अडते हे काउंटरमागे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे ती गल्ल्यावर अडली नाही, कापण्याच्या टेबलावर अडली. तयार कपडा उचलला की पिशवीत जातो. कापड मात्र उलगडायचे, मापायचे, कापायचे, घडी घालायची, चिठ्ठीवरून वजा करायचे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कापायचे टेबल दाराजवळून आत, मागच्या भिंतीशी नेले आणि दाराजवळ उशा-रजया मांडल्या; रांग आत लागू लागली आणि दर्शनी भाग मोकळा झाला. कपडे घालून पाहण्याच्या खोलीवर एक माणूस कायमचा बसवला. चोरी झालीच नाही असे म्हणता येणार नाही, पण ती गर्दीच्या मानाने किरकोळ होती.

तयार कपड्यांत मापांचा संच फार लवकर मोडतो. मधली मापे पहिल्या काही दिवसांत जातात, मग खणात अगदी लहान आणि अगदी मोठी मापे उरतात, आणि तो खण भरलेला दिसत असूनही बहुतेकांच्या उपयोगाचा नसतो. वहिनींनी रंग आणि नमुन्यानुसार असलेली मांडणी मोडून मापानुसार मांडणी केली. एका मापाचे जे काही आहे ते एका दांडीवर, मग ते कोणत्याही नमुन्याचे असो. ज्यांना नेहमी मोठे माप मिळत नाही अशांना प्रथमच पूर्ण दांडी निवडायला मिळाली, आणि उरण्याच्या भीतीने ज्या मापांवर सवलत वाढवायचा विचार होता ती मापे न वाढवताच गेली. सेलमध्ये मला सर्वांत समाधान कशाने मिळाले असेल तर याच बदलाने.

ताग्यांच्या शेवटच्या तुकड्यांची गोष्ट वेगळी. तीन मीटर उरलेले असताना दोन मीटर कापून दिले की उरलेल्या मीटरभर कापडाला कोणी विचारत नाही. म्हणून नानांनी नियम केला की ठरावीक लांबीच्या खाली आलेला तागा कापायचा नाही, तो पूर्ण तुकडा म्हणून द्यायचा, आणि कमी लागत असेल तर उरलेल्या कापडाचा दर आणखी उतरवायचा. त्याहून लहान तुकडे रंगांच्या मेळाने गठ्ठे बांधून विकले. त्यांचे खरे गिऱ्हाईक शिंपी निघाले, कारण खिशाचे अस्तर, कॉलरच्या आतला भाग, पिशव्या, गोधड्या यांना तेवढेच लागते. गठ्ठ्यात काय आहे ते उलगडून पाहण्याची मुभा ठेवली होती. बांधलेला गठ्ठा न उघडता विकणे सोपे असते, पण मध्ये फाटका तुकडा निघाला की तक्रार कोणाकडे येणार हे आम्हाला माहीत होते.

बदलून देण्याच्या अटीवर आमच्यात शेवटपर्यंत एकमत झाले नाही. सेलचा माल परत घेतला जाणार नाही, हे वाक्य बहुतेक दुकानांत छापील असते. निश्चित किंमत आणि बदलून देण्याची सोय या दोन गोष्टींवर तर आधुनिक कापड दुकानाची उभारणी झाली. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात १८५२ पासून अरिस्तीद बूसिको यांनी त्या रुजवल्या, आणि त्या सोडण्यासाठी स्थलांतर हे कारण पुरेसे नाही, असे माझे मत होते. दादांचे म्हणणे असे की सामान हलवण्याच्या धांदलीत परत आलेला माल ठेवायचा कुठे? तोडगा असा निघाला की मापाची अदलाबदल नव्या दुकानात, पहिल्या महिन्यात, शिल्लक असलेल्या मालातून होईल; रोख परतावा फक्त सदोष मालावर. पावतीवर तसा शिक्का मारला. त्या अटीचा एक फायदा दादांनाही मान्य करावा लागला : अदलाबदलीसाठी आलेले लोक नवी जागा पाहून गेले.

खण, दांड्या, आरसे आणि पुतळे यांनाही गिऱ्हाईक मिळेल अशी आमची कल्पना नव्हती. नव्या जागेत बसत नसलेले सामान कोपऱ्यात ठेवले होते. लोकांनी आपणहून किंमत विचारायला सुरुवात केली. लाकडी काउंटर एका ग्रंथालयाने नेला, पुतळे शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंनी. सेलच्या शेवटी उरलेले आणि वापरण्याजोगे कपडे एका आश्रमशाळेला दिले; देताना बटणे, चेन, शिवण तपासून दिले, कारण वहिनींच्या मते दान म्हणून फाटके देणे हा स्वतःची अडगळ दुसऱ्याच्या दारात नेण्याचा प्रकार आहे.

हिशेबाचा भाग थोडक्यात सांगतो. साठ्याचे मूल्य खरेदी किंमत आणि विकून प्रत्यक्ष हाती येऊ शकणारी रक्कम यांपैकी जे कमी असेल ते धरायचे, असे आंतरराष्ट्रीय लेखांकनाचे आयएएस २ हे मानक सांगते. वर्षानुवर्षे खरेदी किमतीने ताळेबंदात दिसणारा आमचा काही माल या मोजपट्टीवर निम्म्यावर आला. नफा कागदावर कमी झाला, पण नव्या जागेत जाताना वहीतले आकडे आणि फळीवरचा माल एकमेकांशी जुळत होते. गिऱ्हाइकांनी दिलेल्या आगाऊ रकमा, अर्धवट शिवणकामाच्या ऑर्डरी आणि न वापरलेल्या पतपावत्या यांची वेगळी यादी केली, आणि त्या सर्वांना फोन करून नवा पत्ता कळवला. ज्यांचा फोन लागला नाही त्यांच्या रकमा तशाच येणे-देणे खात्यात ठेवल्या आहेत.

उरलेला माल बांधताना पावसाळी हवा होती. सुती धागा प्रमाण हवामानातसुद्धा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे सुती तागे प्लॅस्टिकमध्ये हवाबंद केले तर आतच बुरशी धरण्याचा धोका असतो. ते जुन्या चादरींत गुंडाळले आणि प्लॅस्टिक फक्त टेम्पोवर वरून टाकले. मखमलीच्या घड्या न घालता ती नळीवर गुंडाळली, कारण तिचे तंतू एकदा दबले की घडीची रेघ सहज निघत नाही. प्रत्येक गठ्ठ्यावर जुन्या खणाचा क्रमांक न लिहिता नव्या खणाचा लिहिला. गठ्ठा उतरला की सरळ आपल्या फळीवर गेला. फळ्या मोजून ठेवल्या होत्या त्याचा खरा उपयोग त्या दिवशी झाला.

नव्या दुकानात पहिले काही आठवडे लोक सेलचाच भाव मागत राहिले. नाना प्रत्येकाला तेच उत्तर देत : "तो माल संपला, हा नवा आहे, भाव तोच आहे जो सेलच्या आधी होता." चिठ्ठीवरच्या मूळ किमती खऱ्या लिहिल्या असल्यामुळे त्यांना हे कोणाच्याही डोळ्याला डोळा देऊन सांगता येई, आणि शंका असलेल्या एक-दोघांनी आपल्या जुन्या पावत्या काढून खात्रीही करून घेतली. दादांनी उशा आणि रजया साठ्यात ठेवणे बंद केले आहे. आता त्या नमुन्यावरून ऑर्डर घेऊन थेट गोदामातून गिऱ्हाइकाच्या घरी जातात. पडद्याच्या कापडाचेही असेच करावे असे माझे म्हणणे आहे, पण पडद्याचे कापड हातात धरून उजेडात पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही असे नाना म्हणतात, म्हणून त्याची भिंत अजून तशीच आहे.